किसू म्हणजे सुरी

केनियातलं इंग्रजांचं राज्य संपत आलं होतं, तेव्हा मी तिथल्या शिक्षिकांच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकत होते. वडील तिथे रेल्वेत होते. कॉलेज फक्त आपल्याकडच्या मुलींसाठी; गोऱ्यांचं वेगळं, आफ्रिकन मुलींचं वेगळं. माझ्या शेवटच्या वर्षी मात्र आमच्या वसतिगृहात पहिल्या आफ्रिकन मुली आल्या. त्यांतली एक माझ्या खोलीत होती. आधी दोघी जपूनच बोलायचो. मग एका संध्याकाळी तिनं माझी साडी नेसून पाहिली, आणि निऱ्या सुटल्यावर आम्ही पोट धरून हसलो. तिच्यामुळे माझ्या तोंडी स्वाहिली बसली.

देश स्वतंत्र झाला, वडिलांची नोकरी सुटली आणि आम्ही बडोद्याला आत्याकडे, दांडिया बाजारात आलो. तिथलं सर्टिफिकेट इथं चालेल का, कोणी सांगेना. शेवटी लहरीपुऱ्याजवळच्या एका गुजराती शाळेतल्या मोठ्या बेन, म्हणजे मुख्याध्यापिका, म्हणाल्या, "कागद राहू द्या. एक पाठ घेऊन दाखवा."

पाठ बियांचा होता. मी संत्रं हातात घेतलं. सुरी पहिल्या बाकावर राहिली होती. तिथल्या मुलीला गुजरातीत म्हटलं, "किसू आप तो!"

ती गोंधळली. मग उठून तिनं फ्रॉकचा खिसा उलटा करून दाखवला. तिचं पाहून वर्गभर खिसे उलटे झाले. गोट्या, खडू, चिंचोके जमिनीवर. मी मागितली होती सुरी, पण तोंडून शब्द गेला होता स्वाहिली. त्यांनी गुजराती 'खिस्सुं' ऐकलं होतं.

मागे बसलेल्या मोठ्या बेनचा चेहरा कडक झाला. पण आमच्या कॉलेजातल्या गोऱ्या प्रिन्सिपॉलबाईंनी एक गोष्ट अंगात भिनवली होती: वर्ग हसला तर आपणही हसायचं आणि तिथूनच पुढे शिकवायचं.

मी हसले. "आफ्रिकेत सुरीला किसू म्हणतात."

"अने संतराने?" एकानं संत्र्याचं विचारलं.

"चुंग्वा!"

सगळा वर्ग 'चुंग्वा, चुंग्वा' करू लागला. चिंचोके समोर होतेच. बियांचा पाठ त्यांच्यावरच रंगला.

तास संपल्यावर मोठ्या बेन व्हरांड्यात म्हणाल्या, "सोमवारथी आवी जजो." सोमवारपासून या! आणि मग त्यांनाच हसू आवरेना.

घरी आत्यानं दारातच विचारलं, "काय झालं गं?"

"मिळाली."

बडोद्याला आल्यापासून वडिलांना धड झोप नव्हती. त्या दुपारी मात्र ते चांगले घोरले.