बाबांचा होकार आणि अठरा टक्के बॅटरी

बॅटरीच्या बाबतीत मी कंजूष आहे, हे आधीच कबूल करते. आमचं गाव महामार्गावरच्या हातखंब्यापासून बरंच आत. वारा जरा जोरात सुटला की कुठली तरी फांदी तारेवर पडते आणि लाईट जाते. मी घरूनच लॅपटॉपवर काम करते, त्यामुळे लाईट गेली की माझा हात आपोआप चालतो: स्क्रीन मंद, वायफाय बंद, ब्लूटूथ बंद. एवढ्याने अर्धा-पाऊण तास जास्त मिळतो. या शहाणपणाचा मला कोण गर्व होता!

त्या दिवशी सकाळपासूनच लाईट नव्हती. दुपारी बॅटरी अठरा टक्क्यांवर आली आणि चार वाजता माझ्या धाकट्या भावाचा व्हिडिओ कॉल यायचा होता. तो वीस वर्षं बोटीवर आहे. बाबाही जन्मभर बोटीवरच होते, त्यांनीच त्याला हौसेने पाठवलं. पण आता त्याला बोट सोडून घरी यायचं होतं, कलमांची बाग बघायची होती. गेल्या वर्षी त्याने हा विषय काढला तेव्हा बाबा म्हणाले, "एवढी नोकरी सोडून इथे काय माकडं हाकवणार?" झालं! तेव्हापासून बापलेक फक्त हवापाण्याबद्दल बोलायचे.

आज मात्र सोक्षमोक्ष होता. संध्याकाळी बोट बंदर सोडणार, त्याआधी त्याला एक तर नव्या करारावर सही करायची होती, नाही तर कंपनीला घरी येतो म्हणून सांगायचं होतं. "बाबांना शेवटचं विचारतो. नाही म्हणाले तर सही करून टाकतो," असं त्याने मला सकाळीच कळवलं होतं. चाळिशी उलटली तरी बापाच्या शब्दाबाहेर जायचं नाही, असला हा प्राणी. मला त्याचा रागही आला आणि रडूही.

म्हणून मी बॅटरी अगदी जिवापाड जपली. मोबाईलचं नेट केबलने लॅपटॉपला जोडलं आणि बाकी सगळं बंद केलं. बाबा भांग पाडून, कानातली मशीन लावून पडवीत येऊन बसले. कॉल लागला. एरवी त्याचं बोलणं मला ऐकू येत नाही, आज स्पष्ट येत होतं. किती दिवसांनी त्याचा आवाज ऐकला म्हणून मी खूश.

तो बराच वेळ बोलला. पाठ दुखते म्हणाला, पोरगी दहावीला गेली तरी तिच्या एकाही वाढदिवसाला घरी नव्हतो म्हणाला. बाबा मान हलवत होते. शेवटी त्याने विचारलं, "बाबा, मग येऊ मी घरी? मनापासून सांगा."

बाबा त्याच्याकडे बघत राहिले. माडांमधून वारा नुसता घोंघावत होता. मग म्हणाले, "हो. हो रे."

भावाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "लगेच सांगून येतो त्यांना," म्हणाला आणि कॉल बंद झाला. मी डोळे पुसत होते, तेवढ्यात बाबा माझ्याकडे वळले.

"आज आवाजच नव्हता गो. काय म्हणाला तो?"

बाबांच्या कानातली मशीन लॅपटॉपला ब्लूटूथनेच जोडलेली असते, तरच त्यांना कॉल ऐकू येतो. स्पीकरवर आवाज आला तर तो मला ऐकू येतो, त्यांना त्यातलं काही कळत नाही. आणि ब्लूटूथ मीच बंद केलं होतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा! तिकडे तो त्या होकारावर नोकरी सोडायला निघालेला, आणि इकडे तो होकार देणाऱ्याला प्रश्नच ठाऊक नाही.

मी बाबांच्या कानाशी तोंड नेऊन सगळं ओरडून सांगितलं. माझी चूकसुद्धा. "थांबा, परत लावते. अजून सहा टक्के आहेत."

"राहू दे."

"अहो बाबा, पण तुम्ही ऐकलंच नाही!"

"ऐकलं नाही, पण बघितलं ना. कानाची पाळी ओढत होता. लहानपणापासून त्याची खोड आहे, काही मागायचं असलं आणि मी नाही म्हणेन अशी भीती असली की ओढतो. मागच्या वेळी मी ऐकत बसलो. त्याच्याकडे बघितलंच नाही."

मग ते उठले, आतून नारळ आणून अंगणात उभे राहिले. भावाच्या प्रत्येक सफरीआधी बाबा देवाला असंच गाऱ्हाणं घालत आले आहेत, आणि पाठोपाठ होकार द्यायचं काम पहिल्यापासून माझं.

"बा देवा महाराजा, वीस वर्षं तुला सांगितलं, पोराला सुखरूप ने. आज सांगतो, सुखरूप घरी आण. माझ्या तोंडून काही वाकडं गेलं असेल तर ते पदरात घे."

"होय महाराजा," मी म्हटलं.

बाबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्यांना ऐकू आलं नव्हतं. मग मी पुन्हा म्हटलं, बेंबीच्या देठापासून ओरडून.