हिरामणने शिकवलेली झडप

दीड महिन्यापूर्वी ऑफिसात डबा उघडत होतो, तेवढ्यात मैदानावरच्या एका पोराचा फोन आला. "सर, हिरामणदादा गेले. सकाळी छातीत कळ आली आणि…" वाईट वाटलंच, पण त्याआधी, क्षणभर, मनात आलं, आता पनवेलात पोरांना फुटबॉल शिकवणारा मीच! असा मी माणूस.

आमची ओळख दहा-बारा वर्षांपूर्वीची. मैदान एकच, रविवारही एकच. मी सोसायट्यांमधली पोरं घ्यायचो, हिरामण गव्हाणच्या कोळीवाड्यातली. माझ्याकडे शिट्टी, ट्रॅकसूट, इंटरनेटवरून छापून आणलेल्या आकृत्या. त्याच्याकडे मळकी टोपी आणि अंगाला खाडीचा वास. तरी चेंडू गेला की त्याची पोरं अशी झडप घालायची, की दुसऱ्या मिनिटाला तो परत त्यांच्याच पायांत. माझी पोरं चेंडू गेला की माझ्या तोंडाकडे बघायची. शेवटी माझी मुलगीच म्हणाली, "बाबा, मी हिरामणदादांकडे जाऊ?" त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, असं लिहिणार होतो, पण खोटं कशाला, दोन पोळ्या जास्तच खाल्ल्या.

मग झाडाआड उभा राहून मी त्याचा सराव चोरून पाहू लागलो. तीन रविवारांत गुपित सापडलं. तो टोपी उचलतो, पोरं धावतात! लगेच बाजारातून टोपी आणली आणि माझ्या पोरांकडून तेच घोटून घेतलं. पुढचा सामना गव्हाणशीच होता. ऊन मी म्हणत होतं. घाम पुसायला मी टोपी काढली… आणि माझी अकराच्या अकरा, गोलकीपरसकट, चेंडूवर तुटून पडली. मागे गोल मोकळा. त्यांच्या पोराने चालत जाऊन चेंडू आत ढकलला.

हिरामण हसून हसून खालीच बसला. मग माझ्याजवळ आला. "सर, टोपी कशाला बगताव? माजे डोक्याला खाज हाय! समोरच्या पोराची मान बगाची. मान खाली गेली का त्याला कोण दिसत नाय, तवा निंगाचा. एकानं चेंडूवर जावाचा, बाकीच्यांनी वाटा बंद कराच्या, मासे धराच्या जाल्यासारख्या." सगळं देऊन टाकलं, पाच मिनिटांत. त्याबद्दल तर मी त्याला कधीच माफ केलं नाही.

दोन वर्षांनी माझ्या संघाने चषक जिंकला. पाहुण्यांनी माइकवरून विचारलं, "ही झडप पोरांना शिकवली कोणी?" हिरामण समोरच्याच रांगेत. मी म्हणालो, "मीच. बरीच वर्षं अभ्यास केला." पहिली टाळी त्याने वाजवली. त्याच्यापाशी हे कबूल करायचं मी दर रविवारी पुढच्या रविवारवर ढकलत राहिलो…

तेरावं झाल्यावर गव्हाणला गेलो. "वहिनी, ते माझं नव्हतं, त्याचं होतं," एवढं कसंबसं बोललो.

"आमाला माईत हाय," त्या म्हणाल्या आणि पडवीत घेऊन गेल्या. तिथे तो रोज संध्याकाळी जाळी दुरुस्त करत बसायचा. त्याच्या बसायच्या जागेसमोर भिंतीवर वर्तमानपत्राचं कात्रण चिकटवलेलं होतं. चषक धरून दात काढणारा मी! "येल त्याला दाखवाचे. बोलाचे, यो माजा दोस्त."

माझ्या घरात हिरामणचा एकही फोटो नाही. मी मात्र इथे इतकी वर्षं, रोज संध्याकाळी, त्याच्यासमोर होतो… भिंतीवरच्या त्या गाढवाचा मला आयुष्यात कोणाचा वाटला नव्हता इतका हेवा वाटला.