मामाचं ऊन

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये होते. आई एवढंच म्हणाली, "घरी ये गं... दादा गेला." न्यूमोनिया झाला आणि त्यातून तो उठलाच नाही. त्याला आता काही आठवडे झाले. मला लिहायची फारशी सवय नाही. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. पण मामाबद्दल एक गोष्ट मी खात्रीने सांगू शकते, म्हणून हे लिहितेय.

वसंतमामा आईचा मोठा भाऊ. रास अल खैमाला टाइल्सच्या कारखान्यात त्याची उमेदीची वर्षं गेली, सिगारेटही तिथेच लागली. फुप्फुसं कायमची अधू झाल्यावर तो दुबईत अल कुसैसला आमच्याकडे राहायला आला आणि जवळच्या एका गोदामात टेबलावरचं काम करू लागला. दम लागतो म्हणून तो चालणं टाळायचा. त्यामुळे पाय बारीक होत गेले आणि दम आणखी लवकर लागू लागला. डॉक्टरांनी रक्त तपासलं, तर व्हिटॅमिन डी अगदीच कमी. बाबांना हसू आवरेना. "वसंतराव, दुबईत राहून ऊन कमी? गावी सांगू नका हं!"

"एसीतून एसीत जाणाऱ्याला ऊन भेटणार कुठे?" मामा म्हणाला.

त्याच सुमारास आमच्या फिजिओथेरपी कॉलेजात पालकांना बोलवायचं ठरलं. पार्किंगपासून लॅब बरीच लांब, म्हणून बाबा व्हीलचेअर मागवायचं म्हणाले. मामा एकदम गंभीर झाला. "खुर्चीत बसून नाही यायचं मला. आपल्या घरातलं पहिलं कॉलेज आहे. मी चालत जाऊन बघणार."

दुसऱ्या दिवसापासून स्वारी बाल्कनीच्या बंद काचेआड बनियनवर बसू लागली, एसी चालू ठेवून. काही दिवसांनी मी जरा घाबरतच म्हटलं, "मामा, काचेतून ते... नाही येत. त्यासाठी लागणारे किरण काच अडवते."

"अगं, चटका बसतोय की!"

"चटका येतो, व्हिटॅमिन नाही."

"मग इतके दिवस मी काय, पापड वाळवत होतो?" आई स्वयंपाकघरातून खो खो हसली.

मग डॉक्टरांनी दिलेली औषधं सुरू झाली आणि हिवाळाभर जेवणाच्या सुट्टीत मामा गोदामामागच्या बागेत चालू लागला. संध्याकाळी मी त्याच्याकडून व्यायाम करून घ्यायचे. हात न टेकता खुर्चीतून उठायचं, ओठांचा चंबू करून हळूहळू श्वास सोडायचा. कंटाळला की कारखान्यातल्या अरबीत म्हणायचा, "यल्ला मॅडम, खलास!" म्हणजे चला, संपलं आता. आणि पुन्हा उठायचा. आमच्या कॉलेजच्या मॅडमनी मला बजावलं होतं की व्हिटॅमिनची कमतरता भरून काढणं हाडांसाठी, स्नायूंसाठी चांगलं, पण त्याने फुप्फुसं पूर्ववत होत नाहीत. मी मामाला हे तसंच सांगितलं. तो म्हणाला, "फुप्फुसं राहू दे गं, पाय तर माझेच आहेत ना?" नेमका कशाचा किती उपयोग झाला, हे मला आजही सांगता येणार नाही. पाय भरले, हे मात्र मी रोज डोळ्यांनी पाहत होते.

आणि पालकांच्या दिवशी तो आला, चालत. वाटेत थांबला, श्वास सोडला, बाबांनी पुढे केलेला हात बाजूला सारून पुन्हा निघाला. लॅबमध्ये सगळे पालक यंत्रं बघत होते. मामा सरळ कोपऱ्यातल्या सांगाड्यापाशी गेला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "हबीबी, तूपण उन्हात जात नव्हतास वाटतं?" मॅडमसकट सगळे हसले. मग त्याने मला हळूच विचारलं, "इथेच शिकतेस तू?" मी मान डोलावली. तो खोलीभर बघत राहिला... बराच वेळ.

गेल्या आठवड्यात मॅडमनी मला नव्या मुलांना बरगड्या समजावून सांगायला उभं केलं. मी सांगाड्याच्या खांद्यावर हात ठेवला, ओठांचा चंबू केला, हळूहळू श्वास सोडला. आणि बोलायला सुरुवात केली.