दोरा काढलेला तंबोरा

गुरुवारी चिंचणीच्या देवळात भजनाला बसलो आणि तंबोरा बद्द वाजायला लागला... तो दादाच्या हातात होता, म्हणून कुणी काही बोलेना.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, आमच्या मंडळाचा बुवा. पावसाळ्याआधी त्याच्या घशाचं ऑपरेशन झालं. गाठ होती, स्वरयंत्रच काढावं लागलं. आता तो खुणांनी बोलतो. त्यानंतर देवळात तो पहिल्यांदाच आला होता.

तंबोऱ्याच्या तारा ज्या पट्टीवर टेकतात तिला घोडी म्हणतात. तिच्यावर, तारेखाली, सुताचा दोरा सरकवतात. तो नेमका बसला की तार भरून गुणगुणते... ती जवारी. दादाच्या गळ्यालाही होती. त्याने नुसता 'सा' लावला तरी देऊळ भरायचं.

हा शब्द आला कुठून, यावर आमच्यात जुना वाद. वाणगावहून येणारे पखवाजवाले नाना म्हणायचे, जीवावरून, त्या दोऱ्याला जीवच म्हणतात. दादा म्हणायचा, जीवाची स्वारी ती जवारी.

"स्वारी काय घोड्यावरून येते काय, बुवा?"

"घोडीवरूनच येते, नाना!"

खरं काय ते देवाला ठाऊक. पण त्या वादावर आम्ही दर वेळी हसायचो.

या गुरुवारी नाना पखवाजाला कणीक लावता लावता हळूच म्हणाले, "बुवा, दोरा सरकला काय? बद्द लागते."

दादाने मान हलवली. डाव्या हाताची मूठ उघडली. दोरा तिथे होता... त्यानेच काढला होता.

घालून देतो म्हणून मी हात पुढे केला. त्याने मूठ मिटली.

"ऱ्हाऊ दे," नाना मला म्हणाले. "असाच लाव सूर. नाय विचारायचं काय."

दादाच्या जागी मी गायलो. तो शेवटपर्यंत तार छेडत राहिला... कोरडी, लाकडासारखी. एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही.

ऑपरेशनच्या दिवशी मी देवाकडे एवढंच मागितलं होतं, माझा भाऊ राहू दे.

आरतीला सगळ्यांनी टाळ्या धरल्या. दादाची मूठ मिटलेलीच होती.

देवा, तू त्याला ठेवलंस, तुझे उपकार आहेत. आता आणखी काय मागावं, ते मला कळत नाही...