फ्री थ्रोच्या वेळी घातलेलं गाऱ्हाणं

पंचाने शिट्टी फुंकली, एका हाताचा तळवा दुसऱ्या हाताच्या बोटांवर आडवा ठेवून दंडाची खूण केली आणि आमच्या बेंचकडे बघितलं. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं. माझ्या नातीने मैदानातच डोक्याला हात लावला. सामना संपायला काही सेकंद उरले होते, आमच्या पोरी एका गुणाने पुढे होत्या, आणि आता हरणार होत्या.

शेजारी उभा असलेला माझा मुलगा म्हणाला, "आये, काय केलंस गे ह्या?"

"मिया काय केलंय? सगळ्यांत मोठ्यान तूच वराडलंस."

तो खाली बसला. मीही बसले.

नात माटुंग्याच्या एका कॉलेजात शिकते आणि तिथल्या मुलींच्या बास्केटबॉल संघात खेळते. गेल्या वर्षी त्या फायनलला हरल्या. यंदा जुन्या पोरी सगळ्या तशाच आणि वर एक ताडमाड उंच पोर नवीन आलेली. त्यामुळे मोसम सुरू व्हायच्या आधीच सगळ्यांनी चषक यांना देऊन टाकला. पेपरात चार ओळी आल्या. आमच्या काळाचौकीच्या चाळीत तर खालचा इस्त्रीवालासुद्धा छातीवर हात मारून सांगायला लागला. मंडळाची मुलं फ्लेक्ससाठी नातीचा फोटो मागायला आली. मी म्हटलं, "अरे, अजून एक सामना झाला नाही!" तर म्हणे, "आजी, आधी छापलं तर स्वस्तात पडतं."

मी सराव बघायला दोनदा गेले होते, तेव्हा माझंही मत होतं. उंच पोर उंच आहे, एवढंच. चेंडू यायचा तेव्हा येईल अशी उभी असते. डावखुरी आहे ती हुशार, पण पास द्यायला तिचा जीव जातो, जसा काही चेंडू घरून आणलाय. माझी नात बरी खेळते. बरी म्हणजे बरी. मी कोणाला चढवत नाही.

आमच्या घरात मात्र प्रश्न चषकाचा नव्हता. मुलगा परळला एका ऑफिसात कामाला आहे. त्याचं म्हणणं, हे शेवटचं वर्ष, खेळ पुरे, बँकेच्या परीक्षांचा क्लास लाव. नात रडली, दोन दिवस कोणाशी बोलली नाही, मग म्हणाली, "पप्पा, तुम्ही एकदाही मॅच बघितली नाही. पहिली मॅच बघा, मग नाही म्हणा." तो म्हणाला, "बघतो. मग ठरवतो." म्हणजे त्या एका सामन्यावर पोरीचं सगळं खेळणं टांगलेलं होतं.

म्हणून मी आधीच्या रविवारी अख्ख्या संघाला जेवायला बोलावलं. कोंबडी-वडे केले. जेवणाआधी देवापुढे नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं. आमच्या कोकणात कुठलंही काम काढायचं तर आधी देवाला मोठ्याने सांगायचं. एकाने सांगायचं आणि बाकीच्यांनी दर वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणून ओ द्यायची. खरं तर हे काम पुरुषांचं. पण आमच्यातल्या पुरुषांना आता ते येत नाही. देव किती दिवस वाट बघणार?

पोरींना हे भलतंच आवडलं. त्यांच्यात एक तमिळ, एक गुजराती, पण 'व्हय म्हाराजा' अशी म्हणायला लागल्या की आमच्या गावच्या देवळात उभ्या कराव्यात. पुढे आठवडाभर मैदानावर तेच चाललं. त्यांच्या कोच मॅडम म्हणायच्या, "दोन फेऱ्या मारा." पोरी म्हणायच्या, "व्हय म्हाराजा!" मॅडम म्हणायच्या, "पाणी पिऊन या." "व्हय म्हाराजा!" मॅडम कंटाळल्या, पण पोरी धावत होत्या म्हणून गप्प बसल्या.

सामन्याच्या दिवशी मुलगा अर्धी रजा टाकून आला आणि हाताची घडी घालून बसला. पहिला अर्धा वेळ त्याने ती घडी सोडली नाही. नंतर एका पोरीने नातीला ढकललं तेव्हा सोडली. शेवटी शेवटी तर तो उभा राहून पंचाचा उद्धार करत होता.

तेवढ्यात आमच्या डावखुरीने समोरच्या पोरीचा हात धरला आणि त्यांना दोन फ्री थ्रो मिळाले. फ्री थ्रो म्हणजे कोणी आडवं यायचं नाही, ती एकटी नेम धरून चेंडू टाकणार. पहिला हुकला. दुसरा पडला असता तर बरोबरी. सगळे चिडीचूप. मी देवाला सांगितलं. हळूच सांगितलं असं मला वाटलं. पण मी जन्मभर चाळीच्या नळावर बोललेली बाई, माझा आवाज लहान होत नाही.

"बा देवा म्हाराजा, आमच्या पोरींच्या वाटेत कोण आडवो येत आसात, तर त्येका बाजूक सार रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" बेंचवरच्या पोरी एका तोंडाने म्हणाल्या.

"व्हय म्हाराजा!" माझा मुलगा गरजला. देवाच्या कामाला बोलावलं तर ज्याला नेमका फोन येतो, तो.

आणि चेंडू टाकणारी ती समोरच्या संघाची पोरगीही म्हणाली, "व्हय म्हाराजा!" लालबागची, म्हणजे आमच्याच कोकणातली निघाली. तोंडातून ओ गेली आणि हातातून चेंडू. तो फळ्याच्या वरून पलीकडे गेला.

मग ती शिट्टी. पंचाने तिला तो फ्री थ्रो पुन्हा दिला आणि आमचा बेंच ओरडला म्हणून वर आणखी एक. आमच्या मॅडम भांडल्या, "अहो, त्यांची खेळाडू स्वतःच ओरडली!"

पंच म्हणाला, "तिने स्वतःला त्रास दिला तर चालतो. तुम्ही दिलेला चालत नाही."

पोरीने या वेळी ओठ घट्ट मिटले आणि दोन्ही टाकले. उरलेल्या वेळात आमच्या उंच पोरीने लांबून चेंडू फेकला, तो रिंगवर आपटून परत आला. हरलो.

नात माझ्याजवळ आली ती लाल डोळ्यांनी. "आजी, तू पुढच्या मॅचला येऊ नकोस."

"मी देवाशी बोलत होते. तुमच्या बेंचला कोणी विचारलं होतं?"

मॅडम मागून आल्या. मी भांडायच्या तयारीत होते. त्या म्हणाल्या, "आजी, अजून मोसमाची सुरुवात आहे. यांच्या डोक्यात चषक जाऊन बसला होता, तो उतरला हे बरं झालं. फक्त पुढच्या वेळी तुम्ही घरूनच सांगा. देवाला ऐकू येतं."

फाटकाबाहेर मुलगा टॅक्सी शोधायला लागला. नात त्याच्या पुढे जाऊन उभी राहिली. "पप्पा, काय ठरवलं?"

"त्या डावखुरीला अक्कल नाही का? त्याआधी तू मोकळी उभी होतीस, पास कोण देणार?"

"पप्पा, मी क्लासचं विचारतेय."

"सकाळचा लाव. प्रॅक्टिस संध्याकाळी असते ना?" आणि मग टॅक्सीला हात करता करता, "पुढची मॅच कधी आहे?"

नातीने माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं. आयत्या वेळी तोंड उघडलं की पुरुष विचार बदलतात.

चाळीत दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी चषक परत काढून घेतला. इस्त्रीवाला म्हणाला, पहिल्यापासूनच त्याला शंका होती. मंडळाच्या मुलांनी फ्लेक्सचं नाव सोडलं. मला विचाराल तर या पोरी फायनलला जातील. पुढचं त्या उंच पोरीने पाय हलवले तर. मी तिला तसं तोंडावर सांगितलं, तर ती हसून म्हणाली, "व्हय म्हाराजा."

चषकाचं देव बघेल; त्या दिवशी मैदानावर होत्या त्या सगळ्या पोरी, त्यांच्या मॅडम, माझा मुलगा आणि मी, आज धडधाकट आहोत, ही त्याचीच कृपा.