आजोबांनी सगळ्यांना सांगितलं

२०१२ साली मस्कतला निघालो त्या सकाळी नव्वदीला टेकलेले आजोबा अंगणात ताठ उभे होते. जुने फौजी. म्हणाले, "घरी खरं ते कळवत जा. लपवाछपवी करू नको." मी ऐकलं. नोकरी जाता जाता राहिली, तेव्हाही शुक्रवारच्या फोनवर सगळं सांगून टाकलं. पलीकडून मात्र कायम एकच, "इथे सगळं ठीक."

मस्कतच्या अल् घुब्रा भागात भाड्याच्या फ्लॅटमध्ये आमचा जम बसला. लेकीला शाळेत महायुद्धावर प्रोजेक्ट आला. आजोबा तरुणपणी इटलीत लढाईवर होते, एवढंच मला ठाऊक. मी ऐटीत फोन लावून दिला. "मी भटारखान्यात होतो गं. बटाटे सोलायचो," आजोबा म्हणाले. तिने वर्गात तेच सांगितलं. पोरं हसली. मीही हसलो.

दोन वर्षांनी आजोबा गेले. पुण्यानुमोदनाच्या विधीला गावी पोचलो, तर धाकट्या भावाची बायको सहज बोलून गेली, "त्या छळछावणीतल्या माणसाचंच बोलायचे हो दादा, सारखं." कुठली छावणी? मग तिनेच सांगितलं. आजोबा ट्रक चालवायचे. युद्ध संपताना छावणीतून सुटलेल्या कैद्यांना त्यांनी बाहेर आणलं. एकाच्या अंगावर नुसती हाडं. दया येऊन आजोबांनी त्याला आपली बिस्किटं दिली. उपाशी पोटाला ती सोसली नाहीत, तो ट्रकमध्येच मेला. सत्तर वर्षं आजोबा स्वतःला खुनी समजत होते.

बटाट्यांचा फोन झाला तेव्हा बाबा त्यांच्या शेजारीच बसलेले. त्यांना सगळं माहीत होतं. मी भडकलो, तर म्हणाले, "तू लांब. तुझ्या जिवाला घोर कशाला? आजोबांनीच तुला सांगू नका म्हटलेलं."

गावी राहिलेल्यांनो, याला तुम्ही जपणं म्हणता. मला तो दगा वाटतो. आणि आखातातल्या मित्रांनो, तुमच्याही घरी सगळं ठीकच असतं ना?

जिथे वाईट बातमी आपल्यापासून लपवत नाहीत, ते आपलं घर. तसं पाहिलं तर गावात मी आता पाहुणा आहे. मस्कतला परतल्यावर लेकीला समोर बसवून एकूण एक सांगितलं. ती मग अडखळत मराठीत म्हणाली, "पप्पा, हे पणजोबांनी तुम्हाला सांगितलं?"

"हो," मी म्हणालो.