आडव्या माणसाचं माप

भिकन मिस्तरींकडे गाडी घेऊन गेलं की ते बॉनेट उघडत नसत, की खाली वाकून बघतही नसत. ते आधी गाडीच्या मालकाला जमिनीवर झोपायला सांगत. आडगाव नाक्याच्या पुढे त्यांची पत्र्याची शेड होती. तिथला कोबा ते स्वतः झाडून घेत आणि म्हणत, "पडा. घरी पडता तसं." चांगले इस्त्रीचे कपडे घातलेली माणसं इकडंतिकडं बघत आडवी व्हायची. मग मिस्तरी गुडघ्यावर बसून त्यांच्या भोवतीनं खडूची रेघ मारत. कोणी म्हणालं की माझी उंची पाच फूट नऊ इंच आहे, तेवढी लिहून घ्या, तर ते मान हलवत. "उभा माणूस खोटं बोलस. आडवा पडना का खरं बोलस." मिस्तरी सटाण्याकडचे. नाशकात चाळीस वर्षं काढूनही राग आला किंवा माया आली की त्यांची अहिराणीच बाहेर यायची.

मूळचे ते ट्रकच्या बॉड्या बांधणारे सुतार. ड्रायव्हरच्या पाठीमागं केबिनमध्ये झोपायला फळी असते ना, ती बसवण्यात त्यांचा हातखंडा होता. पुढं तयार केबिन यायला लागल्या आणि ते काम आटलं. त्याच सुमारास शहरातल्या लोकांना जुन्या मोठ्या गाड्या घेऊन डोंगरात मुक्कामाला जायची हौस लागली, आणि गाडीत बेड बसवून घ्यायला कोणीतरी त्यांना मिस्तरींचा पत्ता सांगितला. त्यांना त्यात नवल वाटलं नाही. "ट्रकवाला रोजच कॅम्पिंग करतो," ते म्हणायचे, "फक्त त्याचे फोटो कोणी काढत नाय."

मी त्यांच्याकडे गेलो तो ड्रॉइंग घेऊन. पेठ तालुक्यातल्या आमच्या पाड्यावरचा मी पहिला इंजिनियर. हे मी कुठंही सांगतो, कारण ते सांगण्यासारखं आहे. सात सीटची जुनी गाडी घेतली होती, इंजिन ठणठणीत, आणि तीन रविवार खपून मी कॉम्प्युटरवर तिचा सगळा आराखडा काढला होता. मागची सीट काढून प्लायचा बेड, बेडखाली दोन खण, टपावर कॅरियर, गाडी दोन इंच उंच, खाली जाड पत्रा, जाड खाचांचे टायर. मिस्तरींनी हात पुसून कागद घेतला. उजेडात धरून बराच वेळ बघितला.

"छान काढलंय," ते म्हणाले. "यात झोपणारी माणसं कुठं हायेत?"

"मी आणि माझी बायको."

"घरात अजून कोण?"

"आई आहे. पण ती येणार नाही म्हणते."

खरं तर आई येणार नाही एवढंच म्हणाली नव्हती. वर्षानं, माझ्या बायकोनं, तिला मोबाईलवर तंबूचे, गाडीत झोपलेल्या लोकांचे फोटो दाखवले तेव्हा ती शांतपणे म्हणाली होती, "आमी द्राक्षाच्या बागंत, इमारतीच्या कामावर, रस्त्याच्या कडंला प्लास्टिकचा कागद बांधून झोपलो. तुला त्यातनं काढायला शाळंत घातला. आता तू पैसं देऊन उघड्यावर झोपाया चालला?" मला एवढंच ठाऊक होतं की ती आयुष्यात जिथं जिथं गेली ती कामाला गेली. एकदा तरी तिनं नुसतं बघायला म्हणून यावं, डोंगर तोच पण डोक्यावर भारा नाही असं तिला एकदा वाटावं, यासाठीच गाडी घेतली होती. ती आली नाही तर माझ्या लेखी ती सगळी नुसती प्लायवूडची खटपट होती. पण ती नाही म्हणाली आणि मी निमूट दोघांचं ड्रॉइंग काढलं.

मिस्तरींनी कागद घडी घालून परत दिला. "येत नाय म्हणणं त्यांचं. जागा नाय ठेवली हे तुमचं. मी आधी त्यांचं माप घेणार, मग प्लाय कापणार."

मी म्हटलं, मिस्तरी, तिघं मावणार नाहीत, रुंदी चार फूट आहे. ते म्हणाले, "बायका आत, तुमी बाहेर तंबूत. इंजिनियरला काय होतंय?"

बाकीच्या ड्रॉइंगचीही त्यांनी अशीच वासलात लावली. टपावर कॅरियर नको. "डोक्यावर भारा घेऊन उतार कसा उतरतात ते आईला विचारा. गाडीचं तसंच हाय." गाडी उंच करायची नाही, म्हाताऱ्या माणसाला चढता आलं पाहिजे, उलट दाराखाली पायरी बसवू. टायर आणि खालचा पत्रा मात्र त्यांना पटला. चेसीला वेल्डिंग करणार नाही, हे त्यांनी सुरुवातीलाच बजावलं. सगळं काम नटबोल्टवर. "सहा बोल्ट खोलले का गाडी व्हती तशी. दुसऱ्याच्या वस्तूला कायमचं भोक पाडू नये." मी म्हटलं, गाडी माझीच आहे. ते म्हणाले, "तुमच्या आधी ती कोणाची तरी व्हती ना?"

पुढच्या रविवारी मी आईला शेडवर नेलं. कशाला ते आधी सांगितलं असतं तर ती आली नसती, म्हणून नाक्यावर पोचल्यावर सांगितलं. गाडीतून उतरल्या उतरल्या तिनं मिस्तरींना विचारलं, "माझं माप कशाला? तिरडी बांधायची हाय का?"

मी खाली मान घातली. मिस्तरी मात्र हसले. "तिरडीला माप लागत नाय ताई. तिच्यावर कोणी कूस बदलत नाय."

आईनं चप्पल काढली. मग पदर डोक्यावर ओढून ती कोब्यावर आडवी झाली. उजव्या कुशीवर, गुडघे पोटाशी, हात उशाला. मिस्तरींनी रेघ मारली. ती उठली तेव्हा खाली खडूची जी आकृती उरली ती चार फुटांचीही नव्हती. शाळकरी पोराची वाटावी एवढी.

मिस्तरी त्या आकृतीशेजारी उकिडवे बसले. मला वाटलं, बरं झालं, जागा कमी लागेल. ते म्हणाले, "ताई, हे थंडीतलं झोपणं हाय. पांघरूण एक आन् माणसं चार असली का असं झोपतात."

"सवय झाली," आई म्हणाली.

"किती वर्सं झाली घरात गादीवर झोपता?"

"याला नोकरी लागल्यापासनं. बारा झाली."

मिस्तरींनी जवळचं फडकं घेतलं आणि ती रेघ पुसून टाकली. त्यांनी माप उतरवून न घेताच पुसलेलं त्यांच्या दोन कारागिरांनीही कधी पाहिलं नसावं, कारण दोघं हातातलं काम थांबवून बघायला लागले. "हे माप धरायचं नाय," ते म्हणाले. "सहा फूट पुरे ठेवतो. उरली तं उरू द्या."

काम तीन आठवडे चाललं. खणांचं काम झाल्यावर मिस्तरींनी एका खणात स्टीलचा पेला आणि चमचा ठेवला आणि मला शेजारी बसवून गाडी शेडमागच्या खडकाळ वाटेवर घातली. बोलायचं नाही अशी ताकीद होती. एका चढावर पेला किणकिणला. त्यांनी तिथंच गाडी फिरवली, परत येऊन खणाची पट्टी काढली, रंधा मारला, पुन्हा बसवली. असं चार वेळा. पाचव्यांदा आवाज आला नाही तेव्हा म्हणाले, "आता कुठंबी जा. फक्त दगडाच्या वाटेला टायरची हवा थोडी कमी करा. ताठ राहिलं का आदळतं." त्यांची बोलणी अशी असायची. ती टायरपुरतीच आहेत का, हे आपण आपलं ठरवायचं.

आता मिस्तरी नाशकात नाहीत. करवत धरताना हात थरथरायला लागला तसं त्यांनी एका दिवसात शेड सोडली आणि सटाण्याकडं लेकीकडं गेले. वाकडं काम करून पोट भरायची माझी तयारी नाय, एवढंच म्हणाले. मी कंपनीत रोज मोठमोठी पदं असलेल्या माणसांत वावरतो. आपल्या कामाबद्दल इतकी खात्री असलेला आणि तरी आपलाच नियम पुसू शकणारा दुसरा माणूस मला अजून भेटलेला नाही.

गाडी ताब्यात द्यायची त्यांची एक रीत होती. त्यात जो झोपणार त्यानं दुपारी शेडवर येऊन, सगळ्यांदेखत एक झोप काढून दाखवायची. आमची गाडी झाली त्या दुपारी वर्षानं डोळे मिटून दहा मिनिटं काढली आणि हसत बाहेर आली. आई म्हणाली, मी नुसती बसून बघते. पायरीवर पाय देऊन ती आत गेली, दार ओढून घेतलं. बाहेर ग्राइंडर चालू होता, हातोडे चालू होते. थोड्या वेळानं मिस्तरींनी काचेतून डोकावलं आणि काही न बोलता जाऊन मेन स्विच पाडला. कारागिरांना हातानंच बसा म्हणून खुणावलं. भर कामाच्या वेळी ती शेड दीड तास गप्प होती. नाक्यावरच्या ट्रकचे हॉर्न तेवढे येत होते. मी एकदाच काचेपाशी गेलो. आई उताणी झोपली होती, पाय सरळ, तळवे बेडच्या पार टोकाला.

जागी झाली तेव्हा तिनं आतूनच दार उघडलं. केस सारखे केले, समोर बसलेल्या आम्हा सगळ्यांकडं जरा वरमून बघितलं, आणि मग मिस्तरींना म्हणाली, "पाण्याचा तांब्या ठेवाया जागा नाय केली तुमी. जंगलात मला रातीला तहान लागली तं काय करू?"

मिस्तरी उठले. कानावरची पेन्सिल काढली.

"कोणत्या हाताला पाह्यजे, ताई?"